पाहुण्यांचा फासा

१

शनिवारी शाळा सकाळची. मुलं सुटली की मी घरी जाऊन भाकरतुकडा खायचे आणि बरोबर दोन वाजता गनीचाचांच्या दुकानात हजर व्हायचे. ‘अब्दुल गनी, गादीवाले, वडनेर भोलजी’ एवढंच पाटीवर होतं. क्रिकेटचं नाव पाटीवर नव्हतं, पण निम्मं गाव त्यांना गाद्यांपेक्षा क्रिकेटसाठीच ओळखायचं.

हे क्रिकेट पेटीतलं. चाचांच्या वडिलांनी सत्तर सालाच्या आसपास नागपूरहून आणलेला एक खोका. त्यात हिरवा पत्र्याचा पट, दोन फासे, दोन पत्र्याचे पेले आणि एक छापील तक्ता. लाल फासा गोलंदाजाचा, पांढरा फलंदाजाचा. दोन्ही खुळखुळवून टाकायचे आणि काय झालं ते तक्त्यात पाहायचं, चौकार, त्रिफळा, धावबाद, जे असेल ते. छापील तक्ता मी पाहिलाच नाही, तो केव्हाच फाटला होता. चाचांनी तो हातानं लिहून काढला, मग सुधारला, मग ओल्या खेळपट्टीचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा असं करत बावीस तक्ते झाले. जिल्ह्यात हे वेड आणखी सात-आठ जणांना होतं. पोस्टकार्डावर धावफलक इकडून तिकडे जायचे. हिवरा आश्रमचे सहदेव मोजणीदार तर चाचांच्या तक्त्यातली चूक काढायला चार-चार पानी पत्र पाठवायचे.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मीही पहिल्यांदा म्हटलं होतं. मी गादी भरायला टाकली होती आणि ती न्यायला गेले होते.

“म्याडम, तुमचं अक्षर चांगलं हाय,” चाचा म्हणाले. “मॅच लिहून देसान काय?”

म्हटलं, एक दिवस लिहू. ती पुढं अकरा वर्षं लिहीत राहिले.

वडनेरच्या संघात गावातलीच माणसं होती. त्रेचाळीस नावांची यादी. दर शनिवारी त्यातून दोन नावं चिठ्ठीनं निघायची. ही जोडी खेळायला उतरायची आणि दोघांतला एक बाद होईपर्यंत खेळायची. एक बाद, दुसरा नाबाद, सामना संपला. दोन्ही फासे चाचाच टाकायचे, निदान मी तसं धरून चालले होते. समोरच्या संघाला फक्त ‘पाहुणे’ म्हणायचं. मी एकदा विचारलं, “चाचा, पाहुण्यांच्या खेळाडूंना नावं का नाहीत?”

“पाहुण्याले नाव इचारत नसतेत,” ते म्हणाले आणि सुई-दोरा उचलला.

ती वर्षं कशी होती ते आमच्याकडं सांगायला नको. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता फवारणी विसरा. काही वर्षं पऱ्हाटी खरंच डोक्याच्या वर गेली. मग कधी पानांवर लाल्या, कधी पावसाची दडी, आणि फवारणी तर दुपटीनं परत आली. माणसं एकमेकांच्या डोळ्याला डोळा द्यायची नाहीत. पण रविवारी सकाळी चाचांच्या पायरीशी कोणी ना कोणी सायकल टेकवायचाच. “चाचा, काल म्या किती काढले?”

“छप्पन! अन् थो शेवटचा चौका, काय सांगू बे तुले!”

तो माणूस परत जाताना पाठ ताठ करून जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेत आम्ही समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं, चहा-बिस्किटं खाल्ली, पण दोन फाशांवर गावाला उभं ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. त्याचे उपकार मानायलाच मी हे लिहिते आहे. बाकीचं त्यात आपोआप येईल, ते टाळता येत नाही.

२

लिहिणाऱ्यासाठी चाचांचा एक नियम होता. त्यानं पटाकडं पाहायचं नाही, ऐकायचं आणि लिहायचं. पाहणारा भांडतो, असं त्यांचं म्हणणं. मी भिंतीलगत स्टुलावर, मान वहीत. मधे चौरंगावर पट. अलीकडं चाचा, आणि पलीकडं नवीन भरलेली एखादी गादी, कापूस बसावा म्हणून दोन-चार दिवस तशीच पसरून ठेवलेली.

त्यामुळं सामना म्हणजे मला आवाजच आठवतात. अलीकडून पांढऱ्याचा आवाज, झटक्याचा. मग चाचा म्हणायचे, “पाहुण्यांचा फासा.” मग जरा थांबून पलीकडून लाल फाशाचा आवाज, थोडा सावकाश. चाचा चौरंगावरून वाकून पलीकडचा पेला उचलत असतील असं मी गृहीत धरलं होतं. सत्तरीचा, गुडघेदुखीचा माणूस प्रत्येक चेंडूला वाकतो आणि त्याचा गुडघा एकदाही वाजत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. गणित शिकवणारीचं असंच असतं, दुसऱ्याच्या बेरजा तपासते.

दोन हजार बारा साली भादव्यातल्या एका शनिवारी मी गेले तर चाचा बाहेर पायरीवर उभे होते. दुकान उघडं होतं.

“आज पाहुणे अगोदरच येऊन बसले,” ते म्हणाले.

“मग त्यांना चहा सांगा,” मी हसून म्हटलं. ते हसले नाहीत.

आत कोणी नव्हतं. चाचांनी त्या दिवशी एकच चिठ्ठी काढली. दुसरं नाव न काढताच सांगितलं, “उकंडराव लिव्ह.” उकंडराव म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले, हसतमुख, तंबाखू मळत चालणारे. खेळ सुरू झाला. मी लिहीत होते. तिसऱ्या षटकात माझी बेरीज चुकली म्हणून चाचा उठून माझ्याजवळ आले. त्यांच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. डाव्या हाताचं बोट माझ्या पानावर होतं.

आणि पलीकडं लाल फासा खुळखुळला. सावकाश, नेहमीसारखा. पटावर पडला.

माझ्या नजरेसमोर चाचांचे दोन्ही हात होते. मी स्वतःला सांगितलं, उंदीर. गादीत उंदीर शिरतातच. मग सांगितलं, पत्रा उन्हानं तडकतो. चाचा वळून पटाशी गेले. “सहा. त्रिफळा. उकंडराव बाद,” म्हणाले, टोपी घातली आणि बाहेर पडले. मी वही घेऊन तशीच बसून राहिले, मग उठून त्यांच्या मागं गेले. ते उकंडरावांच्या अंगणात बाजेवर बसले होते, घरच्यांना काही न बोलता. अर्ध्या तासानं शेतातून बैलगाडी आली. उकंडरावांना कपाशीत साप चावला होता.

पुढच्या शनिवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. त्या दिवशी दोन्ही नावं चिठ्ठीतून निघाली, किराणा दुकानदारानं एक्काहत्तर काढले, त्याचा जोडीदार बाद झाला आणि दुसऱ्या दिवशी तोच बाद झालेला बाजारात वांगी विकत होता. त्यानंतरही दर शनिवारी कोणी ना कोणी बाद व्हायचं आणि कोणाला साधी शिंकही यायची नाही. माणूस सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो. चाचा एकदाच त्यावर बोलले, तेही मी विचारलं नसताना. “पाहुणे दरवेळी न्याले येत नसतेत, बेटा.”

३

दोन हजार सतराचा ऑक्टोबर. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. बीटीला अळी लागत नाही म्हणणारे सगळे गप्प झाले. आमचे हे, उत्तमराव, पाच दिवस पंप पाठीवर घेऊन फिरत होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर, आणि दोन औषधं एकत्र कालवलेली. “अवो, तोंडाला फडकं तरी बांधा,” मी म्हणायचे. “फडक्यानं दम कोंडते,” हे त्यांचं उत्तर. हट्टात आमचं घराणं जुनं.

शनिवारी सकाळी ते शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. खामगावहून अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस काही सांगता येणार नाही. मी लोखंडी बाकावर बसले आणि दोन वाजता मोबाइल वाजला.

“म्याडम, उत्तमराव खेळून राह्यला. फिकर करू नोको.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवरा आत नळ्या लावून पडलेला आणि म्हाताऱ्याला क्रिकेट सुचतंय! मी नको नको ते बोलले. तुमचा पट विहिरीत टाका म्हटलं. मग रडले, दवाखान्यातल्या लोकांनी वळून पाहावं इतकं रडले. चाचा ऐकत होते. मागं बिलकिसचाचींचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारणारा. चाचा शेवटी एवढंच म्हणाले, “आज थे अगोदरच येऊन बसले होते, बेटा. पन मी हाय.” आणि फोन ठेवला.

रविवार गेला, सोमवार गेला. यांची नाडी कधी लागायची, कधी नाही. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला नर्सनं मला आत बोलावलं. यांनी डोळे उघडले होते आणि पहिला प्रश्न विचारला तो पंपाचा. पंप धुऱ्यावरच राहिला होता म्हणे. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं.

संध्याकाळी गावाहून निरोप आला. गनीचाचा गेले. दुपारी तीनला, दुकानात, पटाशी बसल्या जागी. दुसऱ्या दिवशीच्या जनाज्याला मी जाऊ शकले नाही. शेवटचं माझ्या तोंडून त्यांना काय ऐकायला मिळालं, तर शिव्या.

४

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मात्र दोघंही गेलो. यांचे हात अजून थरथरायचे, पण पाय चालत होते. दुपारची जेवणं झाली, पंगत उठली आणि दुकानात चाचांचे पोस्टकार्डवाले दोस्त जमले. संग्रामपूरचे दोघे आणि सहदेव मोजणीदार. सहदेवांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या, टीचभर बांध सरकला तरी त्यांना झोप येत नसे. चाचांवर त्यांचा फार जीव होता. खिशातून रुमाल काढून ते सारखे डोळे टिपत होते.

“गनीभाईंचा शेवटचा सामना बघू,” ते म्हणाले आणि वही उघडली.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पहिल्या ओळीत तारीख, तो शनिवार. जोडी: उत्तमराव, अब्दुल गनी. खाली टिंबं. धाव न निघालेल्या चेंडूला आम्ही टिंब द्यायचो. एक पान टिंबं, दुसरं पान टिंबं, अशी सतरा पानं. पुढं पुढं हात कापत गेलेला. एकही धाव नाही. सतराव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘अब्दुल गनी धावबाद ०. उत्तमराव नाबाद ०. मंगळवार, दुपारी ३.’

चाचांच्या तक्त्यात बाद व्हायचे सहा प्रकार होते. त्यातल्या धावबादलाच फक्त कोणी जायचं ते जोडीनं ठरवायचं होतं. दोन्ही फाशांवर पाच आले तरच धावबाद. मला सगळं एकदम कळलं. बाकी पाच प्रकारांतला एकही यांच्या वाट्याला न येता दोन्ही पाच पडायची चाचांनी तीन दिवस वाट पाहिली होती.

सहदेवांनी चष्मा सारखा केला. “ही विकेट धरता येत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“यादी पाहा, ताई. त्रेचाळीस नावं. त्यात गनीभाई नाहीत. नियम सातवा त्यांचाच. घरच्याची परवानगी आणि यादीत त्याची सही घेतल्याशिवाय कोणाचं नाव खेळात आणायचं नाही.” ते खरं होतं. यांच्या नावासमोर माझीच सही होती, हसत हसत केलेली. “जोडीच चुकीची, मग विकेट कशी? सामना अपुरा आहे. आपण त्यांच्या नावानं तो पुरा करू. गनीभाईंच्या वहीत एक सामना चुकीचा राहिला, हे मला सहन होणार नाही.”

संग्रामपूरचे दोघं हाव म्हणाले. केवढ्या प्रेमानं म्हणाले! श्रद्धांजली म्हणून ह्याहून चांगलं त्यांना काही सुचलंच नसतं.

“नको,” मी म्हटलं.

“का हो?”

मोजणीदाराला सांगण्यासारखं कारण माझ्याकडं नव्हतं. तेवढ्यात आमचे हे खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “अवं, खेळू दे ना. मीच तं हाय बॅटिंगले. टाका हो सहदेवभाऊ!”

मी भिंतीलगतच्या स्टुलावर बसले आणि कोणीतरी वही माझ्या मांडीवर ठेवली. सवयीनं माझी मान खाली गेली. सहदेवांनी पांढरा फासा टाकल्याचा आवाज आला, झटक्याचा. मग ते म्हणाले, “आता लाल कोण टाकतंय?”

पलीकडं पेला खुळखुळायला लागला. सावकाश.

मी नियम मोडला. मान वर केली. चौघंही पुरुष अलीकडं होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणी टाकतंय. पलीकडं फक्त एक गादी होती, चाचांनी भरलेली शेवटची. तिच्या मधोमध खोल दाब पडला होता, पुढच्या बाजूला गुडघ्यांचे दोन खळगे. दोन्ही खळगे एकमेकांपासून फार लांब होते. एका माणसाचे इतके लांब नसतात. मला यांचा हात धरून बाहेर पळायचं होतं आणि मला स्टुलावरून उठता येत नव्हतं.

“थांबा.”

आतला पडदा सरकवून बिलकिसचाची उभ्या होत्या. “काय म्हनता, परवानगी नाई? त्याईनं मले इचारलं होतं. त्याच शनवारी. मी हाव म्हटलं.”

“पण सही नाही ना, भाभी,” सहदेव हळू म्हणाले.

चाचींनी यादी घेतली, माझ्या हातातला पेन घेतला आणि त्रेचाळीसच्या खाली उर्दूत सही केली. शाई नीट वाळेपर्यंत बोटानं पान धरून ठेवलं. सहदेवांनी यादी पाहिली, सही पाहिली आणि मोजणी बरोबर निघाल्यावर मान डोलावावी तशी डोलावली. “मग विकेट कायम. सामना संपला.”

खुळखुळणं थांबलं. फासा पडल्याचा आवाज आला नाही. मी गादीकडं पाहत होते. कोणी उठलं की नवी गादी फुगते तशी ती आधी गुडघ्यांकडून आणि मग मधून हळूहळू वर आली. मग सपाट झाली. मी यांच्याकडं पाहिलं. ते सहदेवभाऊंना विचारत होते की तीन दिवस खेळून एकही धाव नाही, म्हणजे आपण खेळलो तरी काय.

५

सगळे गेल्यावर मी आत चाचींना भांडी घासू लागले. मोठी डेगची दोघींनी मिळून उलटी केली. यांचा आवाज बाहेरून येत होता, दुकानातल्या कापसाची गोणी हलवताना ते कोणालातरी हाका मारत होते. मला तो आवाज ऐकून पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं, आणि चाचींच्या समोर तसं वाटण्याची लाजही वाटत होती.

“चाची,” मी म्हटलं, “माह्याकडून उपकार मानायचे राह्यले. चाचांचे बी, तुमचे बी. शेवटच्या फोनवर मी त्याईले लय बोलली.”

“थे बोलले मले. म्हने, पोरगी घाबरली हाय.” चाची राखेनं डेगची घासत राहिल्या. “तू रडून राह्यली होती थे मीबी ऐकलं. मंग फोन ठेवला अन् म्हने, बिलकिस, माहं नाव लिहू काय? येवढ्या वर्षांत सोताचं नाव कधी नाई लिव्हलं त्याईनं.”

“तुमाले मालूम होतं? काय होईन थे?”

चाचींनी डेगची धुतली, पालथी घातली, पदराला हात पुसले.

“मी म्हटलं, लिवा,” त्या म्हणाल्या. “पन खेळ झाल्यावर जेवाले घरात येसान ना? थे नुसते माह्याकडं पाह्यत राह्यले. मंग मी हाव म्हटलं.”